सरपंचावरचा आळ

आत्या, आज विहानला पाचव्या दिवशी शी झाली.

हे सांगायला दुसरं माणूसच नाही मला. संतोष पहिल्या पाळीला वाळूजला गेलाय, मशीनवर असताना तो फोन उचलत नाही. माझ्या आईला सांगितलं तर ती ‘बरं झालं बाई’ म्हणेल आणि लगेच मी जेवले का ते विचारील. तुम्ही असता तर ‘झाली का माझ्या राजाला!’ असं ओरडत मागच्या दारातून पुढच्या दारापर्यंत आला असता आणि शेजारच्या भाभींनाही कळलं असतं. पाच दिवस मी त्याच्या पोटावरून तेल चोळत होते, मनुका भिजवून देत होते, रडवेली होऊन त्याच्यासमोर उकिडवी बसत होते. आज झाल्यावर मी मोरीत एकटीच हसले. हसून झाल्यावर पुढं काय करायचं ते कळेना, म्हणून मोरीच धुतली.

तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. तुम्ही माझ्या सासूबाई, पण आपल्याकडच्या रीतीनं मी तुम्हाला पहिल्या दिवसापासून आत्याच म्हणाले. तुमच्यासमोर संतोषला कधी नावानं हाक मारली नाही. आता लिहिताना मारते आहे, रागावू नका. रागवायला तुम्हाला याहून मोठं कारण मी देणार आहे. ते आधीच सांगून टाकते, नाहीतर नेहमीसारखी इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि मुद्दा राहून जाईल.

विहानला जंत झाले ते सरपंचामुळं नव्हते झाले. मला ते त्याच दिवशी माहीत होतं. तरीही तुमच्या तोंडावर मी उलटं सांगितलं आणि तुम्ही ते खरं मानून गेलात.

सरपंच हे कुत्र्याचं नाव आहे, हे तेराव्याला आलेल्या पाहुण्यांना मला दोन-तीनदा समजावून सांगावं लागलं. विहान तीन महिन्यांचा असताना तुम्ही गाव सोडून शहरात, हडको कॉलनीतल्या या दोन खोल्यांत राहायला आलात, मी नोकरीवर परत जाऊ शकावं म्हणून. चौथ्याच दिवशी दूध आणायला गेलात आणि तुमच्या मागं मागं एक तांबडं, कानाचं टोक तुटलेलं पिल्लू घरात आलं. मी म्हटलं, तान्हं बाळ आहे घरात. तुम्ही म्हणालात, ‘त्येच तर. तान्ह्या लेकराला राखण नको?’ राखण त्यानं कधी केली नाही. गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन कुणाकडं काय शिजलंय ते हुंगायचं, सगळ्यांच्या भानगडीत तोंड घालायचं आणि कामाच्या वेळी गायब व्हायचं, एवढंच तो करायचा. म्हणून तुम्ही त्याला सरपंच म्हणू लागलात.

एका कामाला मात्र तो कधी गायब झाला नाही. ते काम मी पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी लॅबमधली लाईट गेली म्हणून मी लवकर घरी आले होते. मागच्या परसात तुम्ही पाय लांब करून बसला होतात. विहान तुमच्या दोन्ही पावलांवर, तुमच्या हातांना धरून, तोंड लाल करून जोर लावत होता. हातभर अंतरावर सरपंच ड्यूटीवर आलेल्या माणसासारखा बसला होता. विहानचं झालं, तुम्ही पावलं अलगद बाजूला घेतली, आणि सरपंचानं पुढं होऊन जमीन साफ केली. मग त्यानं विहानकडं मोर्चा वळवला. विहान खिदळत होता. तुमच्या हातात पाण्याचा मग होता आणि तुम्ही अगदी समाधानानं बघत होता.

मी केवढ्यानं ओरडले ते भाभींना अजून आठवतं. सरपंच भिंतीवरून उडी मारून पळाला, विहान घाबरून रडायला लागला. तुम्हाला मात्र मी का ओरडतेय हेच समजेना.

‘अगं, आमच्या तळावर कुठं व्हतं पानी?’ तुम्ही म्हणालात. ‘आज या रानात, उद्या त्या रानात. आई मेंढरामागं. लेकरू हागलं की कुत्रं यायचं, साफ करून जायचं. माझी सगळी भावंडं अशीच वाढली. काय झालं आमाला?’

‘आत्या, मी दिवसभर लॅबमध्ये लोकांची शी तपासते. त्यात काय काय असतं ते मला माहितीये.’

‘मग माझी पन तपास की. बघ काय निघतंय का.’

तुमचा जन्म मेंढरांच्या तळावर झालेला. माझ्या आज्यानंही मेंढरं राखली होती, पण ती विकून तो जालन्यात स्थिरावला. माझे वडील कचेरीत कारकून झाले आणि घरात मेंढराचं नाव काढायचं नाही असा अलिखित नियम झाला. तुम्ही तळाचं काहीही बोललात की मला आपलं कुणीतरी सगळ्यांसमोर जुनं लुगडं नेसून आल्यासारखं वाटायचं. माझ्या ओरडण्यात नुसती स्वच्छता नव्हती, आत्या. थोडी लाजही होती. हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

मग आपला रीतसर तंटा सुरू झाला. मी निळा प्लास्टिकचा पॉट आणला, बदकाच्या तोंडाचा. दुसऱ्या दिवशी घरी येते तर तो स्वयंपाकघरात, ओट्यावर, सोललेल्या मटारानं भरलेला. ‘कोरं भांडं हाय, एवढं गुळगुळीत. ह्यात हागायचं?’ तुम्हाला खरंच वाईट वाटलं होतं. त्या संध्याकाळी मटार-भात झाला. संतोष दोन वेळा वाढून घेऊन जेवला आणि मी त्याला काही सांगितलं नाही.

शब्दांवरूनही आपलं जमेना. मी ‘पॉटी’ म्हणायचे, तुम्ही ‘परसाकडं’. विहाननं दोन वर्षांचा असतानाच ओळखलं की घरात दोन सरकारं आहेत. मी असले की तो ‘पॉटी’ म्हणायचा आणि तुमच्याकडं बघून ‘पशाकडं’. घाईची वेळ आली की ‘पशाकडं’च बाहेर पडायचं. एका रविवारी मी त्याला खेळवर्गाच्या बाईंना भेटवायला नेलं तेव्हा तो त्यांच्या टेबलाखाली ‘पशाकडं, पशाकडं’ करत नाचला. बाई म्हणाल्या, पैशाकडं? पुढं जे व्हायचं ते त्यांच्या सतरंजीवर झालं. घरी येऊन मी तुमच्यावर चिडले आणि तुम्ही पदर तोंडाला लावून इतक्या हसलात की शेवटी मलाही हसू आलं.

सरपंचाला आवरायचे उपाय मी करून पाहिले नाहीत असं नाही. मागच्या फाटकाला कडी लावली, तो भिंतीवरून आला. शी झाल्या झाल्या त्यावर राख टाकायचं ठरवलं, तो तुमच्याही आधी पोचला. मी म्हटलं, लगेच पाणी ओतायचं. त्यावर तुम्ही रिकाम्या टाकीवर मग वाजवून दाखवलात. नळ आठवड्यानं यायचा आणि त्या दिवशीचं पाणी तुम्ही तळावरच्या पाण्यासारखं जपायचात, चड्ड्या धुतलेलं पाणी झाडाला, झाडाचं उरलेलं पायरीला. बरोबर विहान बसायच्या वेळी सरपंचाला पुढच्या दारात दुधात कुस्करलेली भाकरी द्यायची, ही युक्ती मात्र तुमची. आठ दिवस ती लागू पडली. नवव्या दिवशी सरपंच भाकरी दोन घासांत गिळून बोळातून वळसा घालून मागं हजर झाला. तुम्ही त्याची हुशारी कौतुकानं संतोषला सांगत होतात आणि मी कपाळावर हात मारून बसले होते.

या तंट्यात माझं बरोबर होतं, आत्या. ते मी आजही सोडणार नाही. कुत्र्यानं खाऊ नये, लेकराला चाटू नये, हात साबणानं धुवावेत. वाद माझ्या बाजूचाच होता. पण मी तो जिंकले कसा, ते सांगायला मला दीड महिना लागला.

त्याआधी एक आठवू द्या. विहान पाच महिन्यांचा होता आणि बाटलीला तोंड लावत नव्हता. मी लॅबमध्ये नमुने लावत असायचे आणि ओढणीखाली माझा कुर्ता ओला व्हायचा. घरी मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही माझे धुवायला पडलेले कुर्ते पाहिलेत. दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबच्या मागच्या फाटकाजवळ तुम्ही उभ्या, डोक्यावरून पदर, पदराच्या आत विहान. घराजवळच्या टीव्ही सेंटरच्या चौकापासून शेअर रिक्षानं आला होतात. शहरात येऊन तुम्हाला दोन महिनेही झाले नव्हते. ‘पाज,’ म्हणालात, ‘मी उन्हाला आडवी बसते.’ त्या दिवसापासून रोज, जवळजवळ चार महिने, दुपारी तुम्ही फाटकाजवळच्या लिंबाखाली यायचात. माझ्याकडं पाठ करून बसायचात, रस्त्याकडं बघत. मी कधी आभार मानले नाहीत. तुम्ही पोचायला उशीर केलात की उलट चिडायचे.

आणि लॅब तुमच्या किती कौतुकाची! मायक्रोस्कोपला तुम्ही दुर्बीण म्हणायचात. गल्लीत कुणालाही सांगायचात, ‘माझी सून दुर्बिनीत बघून रोग सांगती. डागदरला बी तिला इचारावं लागतं.’ मी किती वेळा म्हटलं असेल, आत्या, मी फक्त बघून लिहून देते. तुम्ही मानायला तयार नव्हतात.

दिवाळीत मी विहानला घेऊन जालन्याला गेले, माझ्या मोठ्या बहिणीकडं. तिची दोन मुलं आणि विहान चार दिवस एका गादीवर, एका पांघरुणात झोपले. परत आल्यावर महिन्याभरानं विहान झोपेत चुळबुळ करायला लागला, मागं खाजवायला लागला. एका सकाळी मला त्याच्या शीत बारीक पांढरे धागे हलताना दिसले. मी त्याच्या मागच्या बाजूला चिकटपट्टी लावून नमुना घेतला आणि लॅबमध्ये पोचल्या पोचल्या सगळ्यांच्या आधी तो बघितला. एका बाजूनं चपटी, पारदर्शक अंडी होती. बघताक्षणी ओळखली. हे जंत कुत्र्याच्या पोटात राहतच नाहीत. ते माणसाचेच, माणसाकडून माणसाला होतात, नखांतून, पांघरुणातून. आमच्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षाला हे शिकवतात. म्हणजे ते माझ्या माहेराहून आले होते, हेही मला तिथंच, खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं.

घरी आले तर परसात तेच दृश्य. विहान खाली वाकलेला, सरपंचाची जीभ, तुमचं हसू. माझ्या डोक्यात सणक गेली. मी तिथल्या तिथं म्हणाले, ‘बघा, मिळालं का? जंत झालेत त्याला. तुमच्या या सरपंचामुळं. आज मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलेय.’

तुमचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर थोडा वेळ राहिलं, आतून माणूस निघून गेल्यावरही दार उघडं राहावं तसं. मग तुम्ही विचारलंत, ‘दुर्बिनीत दिसलं?’

‘दिसलं.’

‘मग खरंच असंल.’ हातातला पाण्याचा मग तुम्ही खाली ठेवलात. ‘म्हंजी माझ्यानं झालं.’

‘नाही आत्या,’ एवढे दोनच शब्द बोलायचे होते, ते मी बोलले नाही. मी विहानला उचललं आणि आत गेले.

तुम्ही भांडला असता तर मी आणखी चढ्या आवाजात बोलले असते आणि त्या भांडणात कुठंतरी खरं बाहेर पडलं असतं, असं मला वाटतं. तुम्ही भांडलाच नाहीत. त्याच संध्याकाळी कन्नडला कोंडिबामामांना फोन केलात. तुमचे धाकटे भाऊ, घाटाच्या पायथ्याला अजून मेंढरं राखतात. दोन दिवसांनी ते ओळखीच्या जीपनं आले. सरपंच जीपमध्ये चढेना, तेव्हा तुम्हीच त्याला पोटाखाली हात घालून उचललंत. ‘जा बाबा,’ म्हणालात, ‘हितं तुजं काम नाय ऱ्हायलं.’ मामा म्हणाले, ‘आक्का, गावातलं कुत्रं हाय, मेंढराला भ्यायचं हे.’ जीप गेल्यावर मोरीत जाऊन कोपरापर्यंत साबण लावून हात धुतलेत. नळ यायला दोन दिवस होते, तरी दोन तांबे पाणी वापरलंत.

जंतांचं औषध डॉक्टरांनी सगळ्या घराला दिलं. विहान चार दिवसांत बरा झाला. तुम्हाला मात्र वेगळंच काहीतरी लागलं आणि ते मी रोज बघत होते. तुम्ही नखं इतकी खोल कापलीत की बोटं लाल झाली. विहानला हातानं घास भरवायचं सोडलंत. चमच्यानं भरवायला लागलात, आणि तुम्हाला चमचा धरता यायचा नाही, अर्धं खाली सांडायचं. विहान तुमचा हात ओढून तोंडात घालायला बघायचा आणि तुम्ही हात मागं घ्यायचात. पावलांवर बसवणं बंद झालं. माझा निळा पॉट परसात आला. आणि तुम्ही मला विचारायला लागलात, ‘घिऊ का गं त्याला?’

आत्या, ज्या बाईनं त्याला पदरात घालून उन्हातून माझ्याकडं आणलं, ती बाई मला विचारत होती, घेऊ का. मी ‘घ्या की’ म्हणायचे. अगदी सहज. जणू परवानगी देणं माझ्याकडंच होतं.

आठवड्यानं जालन्याहून बहिणीचा फोन आला. ‘अगं, आमच्या दोन्ही पोरांना जंत निघालेत. दिवाळीच्या आधीपासूनच असणार. विहानला बघ जरा.’ मी स्वयंपाकघरात उभी होते. पलीकडच्या खोलीत चमचा ताटाला लागल्याचा आवाज येत होता. तुम्ही तिथूनच विचारलंत, ‘कुनाचा फोन?’

‘माझ्या ताईचा.’

‘बरी हाय ना समदी?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘बरी आहेत.’

पहिल्या दिवशी मी रागात बोलले होते. रागातलं बोलणं माणूस समजून घेतं. पण हे दुसरं रागात नव्हतं. हातात कढई होती, डोकं थंड होतं, आणि मी विचार करून गप्प बसले. तुमच्यापुढं माझं माहेर खाली येईल म्हणून. तुमच्या दुर्बीणवाल्या सुनेनं खोटं सांगितलं हे तुम्हाला कळेल म्हणून. आणि खरं सांगायचं तर परस स्वच्छ राहत होतं म्हणूनही.

मी ठरवलं होतं सांगायचं. रविवारी सांगू, संतोष घरी असेल तेव्हा नको, तो नसताना सांगू, विहान झोपल्यावर सांगू. वाक्यसुद्धा ठरवलं होतं, ‘आत्या, मी नीट बघितलं नव्हतं.’ म्हणजे सांगतानाही मी थोडं खोटंच बोलणार होते. तीन रविवार गेले. चौथ्या आठवड्यात एका दुपारी भाभींनी लॅबमध्ये फोन केला की तुम्ही उठत नाही आहात. मी पोचले तेव्हा विहान तुमच्या शेजारी बसून तुमच्या बांगड्या वरखाली करत होता.

तेराव्याला माझ्या या खोट्याची गोष्ट झाली. सिल्लोडहून मंगलताई आल्या होत्या, तुमची थोरली लेक. मामा होते, गावाकडचे होते. जेवणं झाल्यावर एकेक जण तुमच्या आठवणी सांगायला लागला. संतोषनं ही सांगितली. आई कशी सरपंचाकडनं लेकराचं साफ करून घ्यायची, आणि शेवटी स्वातीनं दुर्बिणीतून कसे जंत पकडले. लोक हसले, डोळे पुसत हसले. कुणी म्हणालं, म्हातारी माणसं, त्यांना काय कळतंय. मामा म्हणाले, ‘आमची आक्का तशीच भोळी.’ मंगलताई तेवढ्या हसल्या नाहीत, खाली बघत होत्या. मी पाण्याची कळशी घेऊन दारात उभी होते. तेव्हा बोलले असते तर सगळ्यांनी ऐकलं असतं. मी विचारलं, आणखी कुणाला पाणी हवंय का.

मी रजा काढून घरी आहे. दुपारी हे घर किती मोठं होतं ते मला माहीत नव्हतं, कारण दुपारी मी इथं कधी नसायचेच. विहान झोपला की भिंतीवरचं घड्याळ, भाभींच्या कुकरची शिट्टी आणि मी. बोलायला तोंड उघडलं तर आवाज जड येतो. भाभी दोनदा डबा देऊन गेल्या, बसा म्हटलं तर बसल्या, पण त्याही तुमच्याबद्दलच बोलतात आणि मला त्यांच्या डोळ्याला डोळा देता येत नाही.

विहाननं शी धरून ठेवली तेव्हा मी आधी खाण्यातलं काहीतरी असेल असं धरलं. मग लक्षात आलं. तो पॉटवर बसायचा, सरपंच भिंतीवरून यायचा त्या कोपऱ्याकडं बघायचा आणि उठायचा. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, ‘आजी सपंच आणते.’ म्हणजे तुम्ही सरपंचाला आणायला गेला आहात, दोघं मिळून याल, तोवर थांबायचं, असा त्याचा हिशेब होता. दोघं एकामागोमाग गेलात, त्याचं तरी काय चुकलं?

मी मामांना फोन केला, सरपंचाला परत आणू का म्हणून. मामा म्हणाले, ‘रमलाय गं तो. मेंढरामागं जातोय आता. कशाला परत बांधून घालतीस?’ खरंच कशाला? माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून त्याला दुसऱ्यांदा जीपमध्ये घालायचं होतं मला. मी नको म्हटलं.

परवा संध्याकाळी संतोष कंपनीतून आला, बूट काढत होता. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. अंडी कशी दिसतात इथपासून ताईच्या फोनपर्यंत. या वेळी ‘नीट बघितलं नव्हतं’ असं म्हणाले नाही. त्याचा एक बूट पायातच होता. तो ओरडेल असं मला वाटलं होतं, ओरडला असता तर बरं झालं असतं. तो तुमचाच मुलगा. बराच वेळ लेस बोटाला गुंडाळत बसला. मग म्हणाला, ‘तिला सांगायला पाहिजे होतंस.’

‘हो.’

‘मंगलताईला सांग. आईनं तिला फोन केला होता तेव्हा.’ दुसरा बूट काढत म्हणाला, ‘मी सांगू?’

‘नको. मीच सांगते.’

काल दिवसभर फोन हातात घेतला आणि ठेवला. आज विहानचं पोट मोकळं झालं, मोरी धुऊन झाली, तो जेवून झोपला, आता मागं सरकायला कारण उरलं नाही. दुपारी सिल्लोडला लावला. ताई कापूस निवडत होत्या, पाठीमागं माणसांचा आवाज होता. मी म्हटलं, ताई, जरा एका बाजूला येता का. त्या आल्या. मी सांगितलं. मध्ये त्यांनी एकदाही हूं म्हटलं नाही. मला वाटलं फोन कट झाला.

‘ताई?’

‘ऐकायलेय,’ त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘स्वाती, आईनं मला त्या दिवशी फोनवर काय सांगितलं, म्हाईत हाय का तुला? म्हणली, मंगल, सून शिकलेली हाय म्हणून लेकरू वाचलं. नायतर माझ्या हातात मेलं असतं. लई रडली. मी म्हनलं, आई, असं नसतंय. तर म्हणली, नाय, तिनं डोळ्यानं बघितलंय.’

त्यांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. ‘ठेवते,’ म्हणाल्या आणि ठेवला.

त्या पुन्हा कधी फोन करतील, करतील की नाही, माहीत नाही. रविवारी संतोष मला घेऊन सिल्लोडला जाईल, मग कन्नडला मामांकडं. तेराव्याला जे जे हसले त्यांच्यातल्या प्रत्येकाला मी सांगणार आहे. गल्लीत भाभींना उद्याच. माझ्याबद्दल ते काय म्हणायचं ते म्हणू देत. पण ज्या एका माणसाला हे कळायला हवं होतं त्याच्यापर्यंत यातलं काहीच पोचणार नाही, हे मला कळतं आहे. तरी लिहिते.

आत्या, विहान तुमच्या हातात मेला नसता. तो तुमच्याच हातात वाढला. मला हे माहीत होतं आणि मी गप्प बसले.